फौजी आबांच्या नावाचं स्मृतिवन: रोपवाटिकांच्या पॅकेजात काय घ्यावं, काय सोडावं

सगळं गाव ज्यांना 'मेजर' म्हणून हाक मारतं, असे माजी सैनिक खानदेशात गावोगाव आहेत. 1965 किंवा 1971 ची लढाई पाहून आलेले, पेन्शनीवर आल्यावर नाल्याकाठी निंब, गावठाणात वड, शाळेच्या आवारात चिंच लावत पुढची तीस-चाळीस वर्षं काढलेले. असा माणूस ऐंशी-नव्वदीचा होऊन गेला की घरात गंधमुक्तीच्या आधीच ठरतं, कमान नको, पुतळा नको, आबांच्या नावाने झाडं लावू. अशी कामं अंगावर घेणाऱ्या रोपवाटिका आता आहेत. रोपं, खड्डे, जाळ्या, ठिबक, नावाची शिळा आणि मागितली तर छोटी स्मरणिका, सगळं एका बिलात. या सगळ्या पॅकेजांचा साचा एकच असतो, म्हणून हे परीक्षण कुण्या एका दुकानाचं नाही, त्या साच्यातल्या एकेका गोष्टीचं आहे.

निकाल आधीच सांगतो. रोपं साधारण बरी मिळतात, खड्डे ठीक होतात, शिळा देखणी येते. कच्चा दुवा एकच, पण तो सगळ्यावर पाणी फिरवतो: कोटेशनमधले 'एक वर्ष देखभाल' हे तीन शब्द. जुलैत लावलेल्या रोपाला एक वर्ष म्हणजे एकच उन्हाळा. भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि धुळ्याच्या मुरमाड माळावर जमिनीत ओल धरून ठेवायला काही नसतं. तिथे रोप तिसरा उन्हाळा काढून गेलं तरच ते झाड झालं असं धरावं. तेव्हा पैसे मोजायचे ते तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचे. बाकीचं सगळं त्यापुढे किरकोळ आहे.

पॅकेजातली सगळ्यात खपणारी कल्पना म्हणजे 'वयाइतकी झाडं'. आबा 84 वर्षांचे होते, तर 84 झाडं. ऐकायला छान वाटतं, पण होकार देण्याआधी जमीन मोजा. निंब, करंज, चिंच यांना निदान पाच बाय पाच मीटर जागा हवी. म्हणजे एका गुंठ्यात चार झाडं, आणि 84 झाडांना 21 गुंठे. वड-पिंपळ धरले तर याहून जास्त, कारण वडाला चहूबाजूंनी दहा-बारा मीटर मोकळे सोडावे लागतात. घरचं वावर पाच गुंठे सोडायला तयार असेल तर वीसच झाडं लावा आणि ती जगवा. कमी जागेत आकडा बसवायला काही जण मियावाकी पद्धत सुचवतात. त्यात एका चौरस मीटरला तीन रोपं लागतात, पण त्यासाठी जमीन मीटरभर खोल मोकळी करून भरपूर सेंद्रिय माल घालावा लागतो आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी तोडून चालत नाही. तापीकाठच्या काळ्या, बागायती रानात ती जमेल. धुळ्याजवळच्या लळिंगच्या बाजूच्या मुरमावर टँकरच्या भरवशावर ती करू नये.

झाडांची यादी रोपवाटिकेला ठरवू देऊ नका. तिच्याकडे जे शिल्लक असतं तेच यादीत येतं, म्हणून गुलमोहर, सप्तपर्णी आणि कोनोकार्पस प्रत्येक कोटेशनमध्ये दिसतात. ज्या माणसाने आयुष्यभर झाडं लावली, त्याच्या नावाच्या वनात पाखरं उतरायला हवीत. त्यासाठी उंबर आणि वड हवेत, फळं धरली की हरियल येतात. पळस, पांगारा आणि काटेसावर हवेत, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकी रान वाळलेलं असताना मधासाठी पाखरांची गर्दी त्यांच्यावरच होते. पाण्याकडेला एखादी बाभूळ असू द्या, सुगरणींना तिच्या लोंबत्या काटेरी फांद्या आवडतात. आणि मुरमाड जमीन असेल तर अंजन हवाच. धुळे जिल्ह्यातल्या कोरड्या टेकड्यांचं ते अस्सल झाड आहे. एकच लक्षात असू द्या, अंजनाचं रोप पहिली वर्षं वर काडीसारखं दिसतं, कारण ते आधी सोटमूळ खाली पाठवतं. 'वाढ नाही' म्हणून दुसऱ्या वर्षी ते उपटून तिथे गुलमोहर लावणारे कंत्राटदार असतात. करारात अंजन बदलायचा नाही, असं स्पष्ट लिहून घ्या.

आता या सेवेतला खरा मोलाचा भाग, जो फार थोडी घरं मागतात: आबांनी लावलेल्या झाडांच्याच बियांपासून रोपं करून घेणं. बहुतेक रोपवाटिका हे करून देतात, फक्त वेळेवर सांगावं लागतं आणि बी आपण पुरवावं लागतं. इथेच कॅलेंडर आडवं येतं. माणूस डिसेंबरात गेला आणि घरच्यांना पहिल्याच पावसाळ्यात झाडं हवी असतील, तर ती रोपं त्याच्या निंबाची नसतील. निंबोळ्या जूनच्या आगेमागे पिकतात. पिवळ्या पडलेल्या वेचायच्या, गर काढून धुवायच्या, सावलीत दोन-तीन दिवस सुकवायच्या आणि दोन आठवड्यांच्या आत पेरायच्या. त्यापुढे उगवण झपाट्याने घसरते. पोत्यात भरून दिवाळीपर्यंत ठेवलेली निंबोळी पेंडीच्या कामाची, रोपाच्या नाही. जूनमध्ये पेरलेलं रोप पुढच्या जुलैत लावण्याजोगं होतं. म्हणजे स्मृतिवन एक पावसाळा उशिरा होईल. होऊ द्या.

चिंचेच्या शेंगा मार्च-एप्रिलमध्ये काढा आणि चिंचोके पेरण्याआधी दिवसभर पाण्यात भिजवा. बाभळीच्या बियांचं कवच टणक असतं. उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच निवू द्यायचं, ही रोपवाटिकेची रीत. धनगरवाड्यावर विचाराल तर याहून सोपं उत्तर मिळेल: शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर बसत्या जागेवर पडलेल्या बिया गोळा करा, त्या लवकर उगवतात. अंजनाच्या चपट्या, पंखासारख्या शेंगा उन्हाळ्यात गळतात, पण झाड दरवर्षी सारखं बी धरत नाही. ज्या वर्षी भरपूर दिसेल त्या वर्षी जास्त करून घ्या आणि पिशवी उंच, अरुंद मागा, म्हणजे सोटमुळाला जागा राहील. वडाला बी नको. मनगटाएवढी जाड, दोन-अडीच मीटर लांब फांदी पावसाच्या तोंडावर कापून दोन फूट जमिनीत गाडली की फुटते. आबांच्या वडाची फांदी नव्या जागी उभी करणं ही पॅकेजातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी गोष्ट आहे.

रोपं विकत घेणार असाल तर वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका आधी पाहा. वन महोत्सवाच्या काळात तिथे सवलतीच्या दरात रोपं मिळतात आणि देशी जाती खासगीपेक्षा हमखास जास्त असतात. मात्र मागणी आधी नोंदवावी लागते आणि वाहतूक आपली. खासगीकडे पोच मिळते, रोपं टवटवीत दिसतात, पण एक खोड जवळपास सगळ्यांकडे सापडते: लहान पिशवीत दोन-तीन वर्षं वाढवलेलं उंच रोप. गिऱ्हाईक उंची बघतं, म्हणून तेच पुढे करतात. एक पिशवी कापून बघा. मुळं तळाशी गोल गोल फिरून गुंतलेली दिसली तर ती रास घेऊ नका. असं झाड पाच-सात वर्षं वाढतं आणि एखाद्या वळवाच्या वादळात मुळासकट कलंडतं, कारण मुळं बाजूला पसरलेलीच नसतात. चांगलं रोप म्हणजे दोन ते तीन फूट उंच, बुंध्याशी पेन्सिलीपेक्षा जाड, शेंडा शाबूत, पानांच्या मागे पिठ्या ढेकूण नाही आणि पिशवीतून मूळ जमिनीत शिरलेलं नाही. जमिनीत शिरलेलं मूळ उचलताना तुटतं आणि रोप आठवड्यात मान टाकतं. आठ-दहा फुटी 'तयार झाड' उद्घाटनाच्या फोटोपुरतं ठीक. मूळ कमी आणि पाला जास्त, अशा झाडाला आपला उन्हाळा झेपत नाही.

खड्डे एप्रिल-मेमध्येच काढून उन्हात तापू द्या. मुरमाड जमिनीत दोन फूट लांब-रुंद-खोल, खोल काळ्या जमिनीत दीड फूट पुरे. वरची माती वेगळी ठेवून तीच आधी भरायची, सोबत एक घमेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. अर्धकच्च्या खताला मुरमात वाळवी लागते, काळ्या रानात हुमणी, आणि रोप मेल्यावर दोष पाण्याला दिला जातो. काळ्या जमिनीत आणखी दोन त्रास असतात. ऑगस्टमध्ये पाणी साचून मुळं गुदमरतात, म्हणून रोप जरा उंचवट्यावर लावायचं. मार्चनंतर भेगा पडून बारीक मुळं तुटतात, म्हणून आळ्यात आच्छादन हवं. रावेर-यावलकडे केळीची वाळलेली पानं फुकट मिळतात, बाकी ठिकाणी पऱ्हाटी तोडून पसरता येते. आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर त्याच वाटेने वाळवी सालीपर्यंत पोचते.

लागवडीची तारीख बऱ्याचदा फौजेच्या दिवसावर ठरते. 26 जुलैचा कारगिल विजय दिवस खानदेशातल्या लागवडीला अगदी नेमका बसतो, कारण तोवर फूटभर ओल गेलेली असते. 16 डिसेंबरचा विजय दिवस आणि 15 जानेवारीचा सेना दिवस हे अभिवादनाचे दिवस आहेत, रोपं लावायचे नाहीत. तेव्हा लावलेल्या रोपांना पुढे दोन महिन्यांत ऊन गाठतं आणि मूळ अजून पिशवीच्या आकारातच असतं.

आता पाणी. कोटेशनमध्ये 'आवश्यकतेनुसार' असं लिहिलेलं असतं, तिथे आकडे लिहून घ्या. पहिल्या हिवाळ्यात रोपाला आठवड्याला 10 ते 15 लिटर. पहिल्या उन्हाळ्यात 20 लिटर, आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा 30 ते 40 लिटर. तिसऱ्यात दहा-पंधरा दिवसांनी तेवढंच, पण खोलवर मुरेल असं. याचा हिशेब मांडला की पॅकेजाचा खरा आकार दिसतो. 84 रोपांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला 3,360 लिटर लागतात. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत पंधरा आठवडे धरले तर 50,400 लिटर, म्हणजे 5,000 लिटरचे दहा टँकर, आणि तेही भर उन्हाळ्यात, जेव्हा टँकर गावालाच अपुरे असतात. विहीर किंवा बोअर कुणाची, तिला एप्रिलनंतर पाणी असतं का, वीज किती तास आणि कोणत्या पाळीला, हे आधी विचारा. रोपं नंतर.

ठिबक असेल तर काम पुष्कळ हलकं होतं. ताशी 4 लिटरचे दोन ड्रीपर एका रोपाला, अडीच तास चालवले की 20 लिटर होतात. जळगाव हे ठिबकचं माहेरघर, सुटे भाग आणि कारागीर दोन्ही हाताशी आहेत. बिघाड ठरलेले असतात. बोअरच्या जड पाण्याने ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात खारी आणि उंदीर नळी कुरतडतात. फिल्टर कुणी उघडतच नाही. दर पंधरवड्याला एंड कॅप काढून नळ्या धुवायच्या आणि सगळ्या रोपांवरून एक चक्कर मारून कुठलं आळं कोरडं आहे ते बघायचं, हे काम कराराच्या कागदावर माणसाच्या नावानिशी असायला हवं. सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र वेगळीच आहे. पहिल्या दिवशी खोडालगत ठेवलेला ड्रीपर तिसऱ्या वर्षीही तिथेच असतो. मुळं ओलीच्या मागे जातात. ड्रीपर दुसऱ्या वर्षी खोडापासून हात-दीड हात बाहेर सरकवला नाही तर मूळ जवळच घुटमळतं आणि ठिबक बंद पडल्याच्या आठवड्यात झाड सुकतं. ठिबक नसेल तिथे प्रत्येक रोपाशेजारी आठ-दहा लिटरचं मातीचं, झिरपणारं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यावर झाकण ठेवलं तरी पाणी निम्मं वाया जात नाही.

आपल्याकडे पाहणीचा दिवसही आयता आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायला घरचे सगळे गावी येतात, लेकी माहेरी येतात, आणि तो नेमका वैशाखाचा कडाका असतो. त्या दिवशी रोपं मोजा. पावसाळ्यातली मोजणी काहीच सांगत नाही, श्रावणात मेलेलं रोपही हिरव्या गवतात लपतं.

जाळीबद्दल थोडक्यात. बांबूची जाळी दीड पावसाळा टिकते, मग वाळवी. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की पाच फुटांचा शेंडा सहज खाते, म्हणून लोखंडी जाळी पाच फुटांच्या वरच घ्या. डोंगरालगत रोही आणि रानडुकरांचा वावर असेल तर एकेका रोपाच्या जाळीपेक्षा सगळ्या तुकड्याला कुंपण स्वस्त पडतं. वणव्यासाठी दिवाळीच्या सुमारास गवत कापून न्यायला गुराखी बोलवा आणि कडेने तीन मीटरची पट्टी साफ करा. आग बहुतेक वेळा शेजारचा बांध किंवा पऱ्हाटी जाळताना येते. चौथ्या वर्षी जाळी काढायची जबाबदारीही लिहून घ्या. खोडात रुतलेली तार कापून काढणं फार वाईट काम आहे. नावाच्या पाट्या झाडाला खिळ्याने ठोकू नयेत, हे वेगळं सांगायला नको, पण बऱ्याच पॅकेजांत त्या तशाच ठोकल्या जातात.

शिळा. आपल्या उन्हात रंग भरलेली अक्षरं दोन-तीन वर्षांत फिकी पडतात. छिन्नीने खोल कोरलेला काळा दगड सगळ्यात टिकतो, आणि तो इथलाच आहे. मजकूर दगडावर चढण्याआधी पूर्ण आकाराची छापील प्रत मागवा, फॉन्ट बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात. पद आणि पदकं आठवणीवर न लिहिता डिस्चार्ज बुकवरून घ्या. 1965 साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, 1971 साठी पूर्वी किंवा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, अशी वेगवेगळी नावं आहेत. 'युद्ध पदक' असं मोघम कोरून ठेवू नका. पदनाम नावाच्या आधी, 'सेवानिवृत्त' नावाच्या नंतर. वार्धक्याने गेलेल्या सैनिकाला 'शहीद' लिहू नका. त्यांनी पूर्ण आयुष्य जगून दाखवलं, तेच लिहा: जन्म, सेवेची वर्षं, रेजिमेंट, निधन. कारागीर शोभेला म्हणून अशोकस्तंभाची मुद्रा घालतो, ती खासगी शिळेवर वापरायला 2005 च्या कायद्याने बंदी आहे. तिरंग्यावर अक्षरं लिहिणं हाही 1971 च्या कायद्यानुसार ध्वजाचा अवमान धरला जातो. सैन्य क्रमांक दगडावर नको, तो पेन्शनच्या कागदपत्रांत राहू द्या.

राहिली स्मरणिका. पॅकेजातला हा भाग सगळ्यात कमकुवत. चार फोटो, दोन कविता, मान्यवरांचे शोकसंदेश. पण बऱ्याच फौजी माणसांनी मागे वह्या ठेवलेल्या असतात: कोणत्या तारखेला किती पाऊस झाला, कुठल्या नाल्यावर कोणतं पाखरू दिसलं, पळस कधी फुलला. ड्युटी रजिस्टरसारखं, तारीख-वेळ-ठिकाण. छापायचं ते हे छापा, आणि जसंच्या तसं. वह्या लॅमिनेट करू नका. पेन्सिलीचं लिखाण 600 डीपीआयने, रंगीत स्कॅन करून घ्या, कृष्णधवल स्कॅनमध्ये फिकट पेन्सिल उडून जाते. शब्द कळला नाही तर जागा मोकळी ठेवा, अंदाजाने दुरुस्त करू नका. नोंदीच्या खरेपणाला किती किंमत असते, याचा दाखला खानदेशातच आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर कुणाला खात्रीने मिळालं नव्हतं. मधल्या काळात माइनर्त्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1914 चा म्हणून एक नमुना दाखवला होता. तो दुसऱ्याच्या संग्रहातून उचलून त्याला खोटं ठिकाण चिकटवलेला निघाला, आणि त्या ठिकाणामुळे शोधही भलतीकडे होत राहिला. खोटेपणा उघड झाला, खऱ्या जुन्या नोंदींचा माग काढला, तेव्हा 1997 साली शहाद्याजवळच्या सातपुड्यात पक्षी सापडला. आबांच्या वहीतली 'तोरणमाळ, सकाळी सात' अशी एक साधी ओळही म्हणून जपून छापायची.

तर घ्यावं का हे पॅकेज? घरात कुणी गावी राहत नसेल तर घ्यावं, पण तुकड्यांत. रोपं आणि वडाची फांदी घरच्या झाडांवरून, शिळा थेट पाथरवटाकडून, स्मरणिका छापखान्यातून. रोपवाटिकेला खड्डे, ठिबक, कुंपण आणि तीन वर्षांचं पाणी एवढंच द्या. पैसे एकरकमी देऊ नका: लागवडीला चाळीस टक्के, मग पुढच्या तीन आखाजींना वीस-वीस टक्के, तेही त्या दिवशी जिवंत मोजलेल्या रोपांच्या प्रमाणात. मेलेलं रोप त्याच जातीचं, त्याच पावसाळ्यात, बिनपैशांनी बदलून द्यायचं. जागा गायरान किंवा शाळेची असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आधी हवा, आणि त्याची एक प्रत कराराला जोडलेली हवी. या अटी ऐकून जो रोपवाटिकावाला बसून विहिरीचं पाणी विचारतो, त्याला काम द्या.